छोट्या रुळावरचं काळं इंजिन फोटोत खेळणं का दिसतं?

कर्जत_लोकल

नेरळला नॅरोगेजच्या बाजूला जपून ठेवलेलं वाफेचं इंजिन आणि चर्चगेटला पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयाबाहेरचं 'लिटल रेड हॉर्स', या दोघांचे नीट फोटो काढायचे आहेत. नुसती आठवण म्हणून नाही, दहा वर्षांनी कुणी बघितलं तर इंजिनाचा भाग न् भाग कळला पाहिजे असे. सध्याच्या अडचणी:

नेरळचं इंजिन फोटोत जत्रेतल्या खेळण्यासारखं येतं. टाकीखाली सगळा काळोख, चाकं आहेत की नाहीत तेही कळत नाही. चर्चगेटचा लाल रंग एकसलग भडक डाग होतो, त्यातले रिव्हेट गायब. आणि पितळी पाट्या वाचता येत नाहीत.

हाताशी फुल फ्रेम कॅमेरा, ३५, ५० आणि ८५ मिमीच्या लेन्स, शिवाय फोन. जाणकारांनी जरा विस्ताराने लिहावं. 'सकाळच्या उजेडात काढा' एवढं माहीत आहे.

धुराडे

खेळण्याचं आधी बघू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. दोष उंचीचा आणि अंतराचा.

ब्रॉडगेजच्या इंजिनासमोर उभं राहिलं की माणूस आपोआप खाली असतो, कॅमेरा वर बघतो. नॅरोगेजचं इंजिन ठेंगणं. त्याच्यासमोर ताठ उभं राहून डोळ्याला कॅमेरा लावला की आपण जवळपास टाकीच्या कडेच्या पातळीला येतो आणि बॉयलरचा वरचा भाग दिसायला लागतो. वरून बघितलेली वस्तू मेंदूला लहानच वाटते. गुडघे टेका. लेन्स सिलिंडरच्या मध्याला किंवा पुढच्या धक्का झेलणाऱ्या बफरच्या उंचीला आणा, जमिनीपासून साधारण ६० ते ८० सेंमी. बॉयलर आकाशावर उठून दिसला की तेच इंजिन भारदस्त होतं. मागे झाडं, फलक, पत्र्याची शेड असेल तर आणखी खाली जा, मागचा पसारा टाकीआड लपतो.

आता अंतर. समजा इंजिन आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा धरून फ्रेममध्ये ८ मीटर रुंदी हवी. ३५ मिमीला तुम्ही ७.८ मीटरवर उभे राहाल, ५० ला ११ मीटरवर, ८५ ला १९ मीटरवर. फोनची मुख्य लेन्स सहसा २६ मिमीच्या आसपास असते, तिला ६ मीटर पुरतात. आणि तिथेच घात होतो. ६ मीटरवरून तिरकं काढलं की जवळचा बफर भोपळ्याएवढा आणि केबिन काडेपेटीएवढी. शक्य तिथे ५० किंवा ८५. फोन असेल तर दुप्पट झूमवर ठेवून १२ मीटर मागे जा. जागा नसेल तर तिरका फोटो सोडून द्या आणि सरळ बाजूचा काढा, त्यात विकृती कमी जाणवते.

छिद्र एफ ८ पुरेसं. ५० मिमीला एफ ८ वर १० मीटरला फोकस केला तर ५ मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. एफ १६ ला जाऊन धार घालवायची गरज नाही.

भट्टीवाला

चाकांबद्दल. माथेरानच्या मूळ इंजिनात चाकं न दिसणं हा तुमच्या फोटोचा दोष नाही, इंजिनाची घडणच तशी आहे.

ही चार इंजिनं, ७३८ ते ७४१, जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने बांधली. चाकमांडणी ०-६-०, म्हणजे सहाही चाकं ओढणारी, पुढे-मागे नुसती आधाराची चाकं नाहीत; बाजूला पाण्याच्या टाक्या. गेज ६१० मिमी, चढ २० ला १ आणि वळणं विलक्षण अरुंद. सहा चाकं एका ताठ चौकटीत बसवली तर अशा वळणावर पुढची-मागची चाकं रूळ घासत जाणार, कड झिजणार, नाहीतर गाडी घसरणार. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या आसाला, म्हणजे चाकांच्या जोडीमधल्या दांड्याला, क्लीन-लिंडनर रचना आहे. आस दुहेरी असतो. आतला दांडा चौकटीतल्या बेअरिंगमध्ये फिरतो, तो कुठेही वळत नाही. त्याच्यावर एक पोकळ आस, आणि चाकं त्या पोकळ आसाला. दोघांचा सांधा मधोमध, गोळ्यासारखा, आरपार खिळीने अडकवलेला. त्यामुळे दांडा फिरला की चाकं फिरतात, पण वळणावर पोकळ आस थोडा तिरका होऊ शकतो आणि बाजूलाही सरकतो.

ही रचना करायची तर चौकट चाकांच्या बाहेर ठेवावी लागते आणि आतल्या दांड्याला बाहेरून क्रँक, म्हणजे त्याला फिरवणारे आखूड हात, लावावे लागतात. बाजूने बघाल तर पुढे क्रँक आणि जोडदांडे, त्यांच्यामागे चौकटीचा पोलादी पत्रा, आणि त्याच्याही मागे अंधारात चाकं. म्हणून सरळ बाजूच्या फोटोत चाकाची फक्त खालची कड दिसते.

चाकं दाखवायचीच असतील तर इंजिनासमोर, रुळाच्या रेषेपासून साधारण मीटरभर बाजूला बसा आणि अगदी खालून, २०-२५ सेंमी उंचीवरून लांब लेन्सने काढा. चौकट आणि रूळ यांच्यामधल्या फटीतून पहिलं चाक दिसतं. या फोटोला वेगळं एक्स्पोजर लागतं, मुख्य फोटोपेक्षा दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड. वरचं सगळं पांढरं पडेल, पडू द्या. हा दस्तऐवजाचा फोटो आहे, भिंतीवर लावायचा नाही.

टेकडीचा_रूळ

छान माहिती. हा मार्ग एव्हरर्ड कॅलथ्रॉपने बांधला ना? बार्शी लाईटवाला तोच.

भट्टीवाला

नाही, इथे नेहमी गल्लत होते. बार्शी लाईट रेल्वे कॅलथ्रॉपची, ती ७६२ मिमी गेजची आणि १८९७ साली सुरू झाली. माथेरानचा मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधला, पैसा त्यांचे वडील सर आदमजी यांचा, खर्च १६ लाख. काम १९०४ ला सुरू झालं, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावली. कॅलथ्रॉपचा संबंध इंजिनाच्या आराखड्याशी. इंजिनाच्या वर्गाच्या नावातली अक्षरं बघून गेज ओळखायचं तर भारतीय रेल्वेत झेड म्हणजे ७६२ मिमी. डिझेलमध्ये ६१० ला एन, म्हणून माथेरानचं डिझेल एनडीएम आणि कांगड्याचं झेडडीएम.

सावलीमापक

उजेडाचं कोष्टक कुणी देत नाही, मीच देतो. टाकीखालचा काळोख सूर्याच्या उंचीवर ठरतो आणि तो चक्क मोजता येतो.

पायपट्टी, म्हणजे टाकीखालचा आडवा पत्रा, क्रँकच्या पुढे समजा ४० सेंमी आलेला आहे. सूर्य बरोबर त्या बाजूला समोर असताना तो क्षितिजापासून २० अंशांवर असेल तर पत्र्याची सावली खाली १५ सेंमीपर्यंत पडते, क्रँक आणि दांडे उजेडात. ४७ अंशांवर असेल तर ४३ सेंमी, म्हणजे अर्धी यंत्रणा सावलीत. डोक्यावर असेल तर बोलायलाच नको.

मुंबईचा अक्षांश १९. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेला साधारण ४७-४८ अंशांच्या वर जात नाही. त्या दिवसांत तो २० अंशांवर येतो पावणेनऊच्या सुमारास. म्हणजे पूर्वेकडे तोंड असलेल्या बाजूसाठी आठ ते सव्वानऊ ही खरी वेळ, आणि दक्षिणेकडच्या बाजूचा फोटो तर दुपारी बारालाही खपून जातो. याउलट साधारण १५ मे आणि २७-२८ जुलै या शून्य सावलीच्या दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. वर्षभर सावलीत राहणारी उत्तरेकडची बाजू काढायची तर एरवी हेच दिवस, पण नेमका पाऊस. तेव्हा उत्तर बाजू ढगाळ दिवशी काढावी हे उत्तम.

जाण्याआधी नकाशावर इंजिनाचं तोंड कुठे आहे ते बघा. एकदा चौथऱ्यावर बसवलेलं इंजिन काही वळत नाही, आपणच वेळ निवडायची.

मोबाईलवीर

एवढं कशाला? फोनवर एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो आपोआप जोडणारा मोड, लावा, सावली आपोआप उजळते. एका क्लिकचं काम.

धुराडे

उजळते, पण काळं इंजिन राखाडी होतं. फोनला वाटतं की काळा भाग म्हणजे चुकून राहिलेला अंधार. मग तो काजळीचा मखमली काळा, ग्रीस लागलेला चकचकीत काळा आणि एनॅमलचा काळा असे तीन वेगळे काळे एकाच पातळीला आणून ठेवतो. वर धुराड्याच्या कडेला पांढरी प्रभावळ. संतांच्या तसबिरीला शोभेल, इंजिनाला नाही.

फोननेच काढायचं तर रॉ, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेली फाईल, चालू करा, इंजिनाच्या टाकीवर बोट दाबून फोकस ठरवा आणि मग एक्स्पोजर खाली ओढा. सगळ्या कॅमेऱ्यांचा मीटर समोरची वस्तू मध्यम राखाडी आहे असं समजतो. फ्रेम इंजिनाने भरली तर तो जास्त उजेड घेतो. उणे १ ते उणे १.५ पर्यंत आणावं लागतं. पण फ्रेममध्ये अर्धं पांढरं आकाश आलं की उलटं होतं, मीटर आधीच घाबरलेला असतो, तिथे उणे केलंत तर कोळसा. म्हणून आकडा पाठ करू नका, हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळा आणि उजवीकडे पांढरा असा उजेडाचा आलेख, बघा. डावीकडचा डोंगर भिंतीला टेकला पाहिजे, चिकटून चपटा होता कामा नये.

चर्चगेटचा लाल आता. लाल रंगाचा चॅनल बाकी दोघांच्या आधी भरतो. साध्या, एकरंगी हिस्टोग्राममध्ये सगळं ठीक दिसतं आणि इकडे लाल कधीच कापला गेलेला असतो. कापला गेला की रिव्हेटची गोलाई, रंगाचे ओघळ, पत्र्याचा पोचा, सगळं सपाट. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी घ्या. जेपेग काढत असाल तर 'व्हिव्हिड' सारखा मोड बंद करून साधा मोड लावा. प्रोसेसिंगमध्ये लालची सॅच्युरेशन न वाढवता त्याची ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, जरा खाली आणली तर रिव्हेट परत दिसायला लागतात.

पाटीशोधक

पोलरायझिंग फिल्टरचा उल्लेख कुणी केला नाही. एनॅमलवरची आकाशाची पांढरी झाक त्याने झपकन जाते, लाल आणि काळा दोन्ही खोल होतात. पृष्ठभागाला तिरकं, साधारण ३० ते ४० अंशांतून बघत असाल तेव्हा परिणाम जास्त. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेवढं धरून चाला.

पण पितळ, तांबं आणि उघडं पोलाद यांच्यावरची चमक त्याने जात नाही. धातूवरून परतलेला उजेड रंगाच्या थरावरून परतलेल्या उजेडासारखा ध्रुवित होत नाही. म्हणून पाट्यांना वेगळा उपाय लागतो.

पाटी दोन प्रकारची. कंपनीची, म्हणजे कारखान्याचं नाव, क्रमांक, साल. आणि रेल्वेची, म्हणजे गाडीचा नंबर. अक्षरं उठावाची असतात आणि वर्षानुवर्षं ब्रासो घासून गुळगुळीत झालेली असतात. समोरून फ्लॅश मारला की सोन्याची बशी. करायचं असं: पाटीवर छत्रीची सावली धरा. लहान एलईडी बॅटरी पाटीच्या पृष्ठभागाला अगदी लगटून, १५ अंशांच्या आसपास तिरकी, फूटभर अंतरावरून डावीकडून मारा. प्रत्येक अक्षराच्या उजव्या कडेला सावली उभी राहते. मग तीच बॅटरी वरून मारून दुसरा फोटो. झिजलेला ३ आणि ८, किंवा १ आणि ७, यांचा निकाल सहसा दुसऱ्या फोटोत लागतो. कॅमेरा पाटीला समांतर ठेवा, तिरका धरला की अर्धी पाटी फोकसबाहेर.

खडू चोळू नका. राख, पावडर, बोटाला थुंकी, काहीच नाही. खडूचा कण रंगाच्या भेगेत बसला की निघत नाही.

आणि फक्त पाटीवर विसंबू नका. जोडदांड्यांच्या टोकाला, क्रँकजवळ, हातोडीने ठोकलेले आकडे शोधा. कारखान्यात दुरुस्तीला गेलेल्या इंजिनांचे दांडे आपसात बदलले जात. त्यामुळे पाटी एका नंबरची आणि दांडा भलत्याच भावंडाचा असं नेहमी सापडतं. तो आकडा टिपलेला फोटो अख्ख्या इंजिनाच्या फोटोपेक्षा मोलाचा. फक्त दांड्यांना रुपेरी रंग फासलेला असेल तर आकडा रंगाखाली गडप होतो, तिथेही तिरकी बॅटरीच कामाला येते.

टेकडीचा_रूळ

रुपेरी रंगावरून आठवलं. दांड्यांना रंग देणं योग्य की अयोग्य?

भट्टीवाला

अयोग्य. चालत्या इंजिनाचे दांडे उघडे, घासलेले, तेलाचा हात मारलेले असायचे. एक कारण असं की भेग पडली तर ती उघड्या धातूवर दिसते, रंगाखाली नाही. ठेवलेल्या इंजिनाला आज ती भीती नाही, पण रंगाच्या पापुद्र्याखाली मुंबईची खारी हवा शिरते आणि आतून गंज खेळत राहतो. त्यापेक्षा ग्रीसचा पातळ थर बरा. अर्थात ग्रीस लावलं की येणारा-जाणारा कपडे खराब झाले म्हणून ओरडतो, मग साहेब रुपेरी डबा काढायला सांगतात.

आस्वाद घ्यायचा म्हणता तर इंजिनाची तब्येत बघायला शिका, फोटोही आपोआप सुधारतात. मी काय बघतो ते सांगतो.

सगळ्यात आधी धुराड्याचं तोंड. वर पत्र्याची टोपी आहे का? नसेल तर पावसाळ्याचं सगळं पाणी सरळ धूरपेटीत. तळाशी जुनी राख असते, राखेत गंधक. राख ओली झाली की सौम्य आम्ल तयार होतं आणि धूरपेटीचा तळ आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग ताजा, आत चाळणी. धूरपेटीच्या खालच्या अंगाला, सिलिंडरच्या वर, रंगाला फुगे किंवा तपकिरी ओघळ दिसले की समजा. तो ओघळ जवळून काढा, तिरक्या उजेडात.

नंतर टाक्यांच्या खालच्या कडा. पाणी पूर्ण काढलेलं नसेल तर रिव्हेटच्या रांगेखाली गंजाची रेघ येते. मग सिलिंडरखालच्या ड्रेन कॉकच्या तोट्या, त्या उघड्या असायला हव्यात. बंद असतील तर आत पाणी साचतं. शेवटी बॉयलरवरचा पातळ पत्रा. हा बॉयलर नव्हे, त्याचं पांघरूण. आत उष्णता धरून ठेवणारं भरताड असतं आणि जुन्या इंजिनांत ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. पत्रा फाटून आतून पांढरा कापसासारखा पदार्थ लोंबत असेल तर हात लावू नका, फुंकर मारून फोटो 'स्वच्छ' करायला जाऊ नका. लांबूनच काढा.

कर्जत_लोकल

हे सोनं आहे. केबिनच्या आतलं कसं टिपायचं? आत अंधार आणि खिडकीबाहेर ऊन.

सावलीमापक

फरक सहज ५-६ स्टॉपचा असतो, एका फोटोत बसत नाही. कॅमेरा दाराच्या चौकटीला टेकवा आणि तीन फोटो घ्या: मोजलेलं, उणे २, अधिक २. घरी हाताने जोडा. ढगाळ दिवस असेल तर कदाचित एकाच रॉमध्ये भागेल. आत चढू नका, पायाखालचा पत्रा वरून शाबूत आणि खालून पापड असू शकतो. ओळीने टिपायचं: भट्टीचं दार, वरती सिलिंडरकडे वाफ सोडणाऱ्या रेग्युलेटरची मूठ, पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी किंवा तिची रिकामी बैठक, पुढे-मागे जाण्याची दिशा ठरवणारा रिव्हर्सर, दाबाचा काटा. काटा आणि काचनळी बहुतेक ठिकाणी चोरीला गेलेली असतात, रिकाम्या जागेचाही फोटो घ्या.

पाटीशोधक

नेरळला जाणाऱ्यांसाठी एक खबरदारी. माथेरानच्या मार्गावर २००० नंतर दार्जिलिंगचं ७९४ नंबरचं बी वर्गाचं इंजिनही आणलं होतं. इंटरनेटवर त्याचे फोटो 'माथेरानचं शंभर वर्षांचं मूळ इंजिन' म्हणून बेधडक फिरतात. ओळख सोपी आहे. बी वर्गाला चारच चाकं आणि बॉयलरवर खोगिरासारखी बसलेली टाकी. माथेरानच्या मूळ एमएल वर्गाला सहा चाकं आणि दोन बाजूंना उभ्या टाक्या. एमएलपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ७४० नंबरचं ब्रिटनमध्ये लेटन बझर्डच्या नॅरोगेजवर.

बी वर्ग बघताना पुढे बफरजवळची माणसाच्या बसायची जागा नक्की टिपा. त्या इंजिनावर ड्रायव्हर, फायरमन, कोळसा फोडणारा आणि पुढे रुळांवर वाळू टाकणारे दोघे असा पाच जणांचा कारभार असे. माणसं डोळ्यांपुढे आली की तो चिमुकला सांगाडा एकदम अर्थपूर्ण वाटतो.

मोबाईलवीर

जपलेलं म्हणजे मेलेलंच. चालतं बघायचं तर उटीला जा, तेही नॅरोगेजच.

टेकडीचा_रूळ

उटीचं १००० मिमी आहे, मीटरगेज, वर दातेरी रुळाचं. नॅरोगेजवर वाफ बघायची तर दार्जिलिंगच्या घूम फेऱ्या, किंवा कालका-शिमल्यावर 'केसी ५२०' हे वाफेचं इंजिन खास फेरीला काढतात तेव्हा.

चालत्याचं तंत्र थोडक्यात. सुटताना चाकांचे पहिले काही फेरे सिलिंडरच्या खालून दोन्ही बाजूंना वाफेचे फवारे येतात. ते शोभेला नसतात. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, बाहेर काढलं नाही तर पिस्टन सिलिंडरचं झाकण उडवेल. म्हणून ड्रायव्हर ड्रेन कॉक उघडे ठेवून निघतो. त्यासाठी फ्रेम सैल ठेवा, दोन्ही बाजूंना इंजिनाच्या अर्ध्या लांबीएवढी जागा. उजेड वाफेच्या मागून असेल तर वाफ पेटल्यासारखी दिसते, मागे गर्द झाडी हवी. पांढऱ्या आकाशावर वाफ दिसतच नाही. एक्स्पोजर वाफेसाठी धरा, इंजिनासाठी नाही. गार, दमट सकाळी वाफ दाट दिसते. उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी ती बाहेर पडता पडता विरते, मग लोक म्हणतात इंजिन 'मंद' होतं.

काळ्या धुराचा हट्ट मात्र नको. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा, नुकतीच भट्टी भरली किंवा हवा कमी पडली. फायरमनला धूर काढायला सांगणारे फोटोग्राफर म्हणजे स्वयंपाक्याला भाजी करपवायला सांगणारे पाहुणे.

गाडी ताशी १२ किमी वेगाने जाते, म्हणजे सेकंदाला ३.३ मीटर. इंजिन स्थिर आणि दांडे पुसट हवे असतील तर १/३० ला कॅमेरा इंजिनासोबत फिरवा. तेवढ्यात ते ११ सेंमी पुढे जातं, मागची झाडं छान पसरतात. सगळं थिजवायचं तर १/२५० पुरे. क्रँक सगळ्यात खाली असताना जोडदांडा आडवा, मोकळा आणि उजेडात असतो. सलग ५-६ फोटो घेतले तर त्यात एक तरी तसा मिळतो. सरावाला अमन लॉज ते माथेरान शटल चालेल. इंजिन डिझेल, पण वेग मंदच.

कर्जत_लोकल

परवानगीचं काय?

पाटीशोधक

फलाट तिकीट काढा, हातात ठेवा. स्टेशन मास्तरला आधी विचारा, 'जुन्या इंजिनाचे फोटो घ्यायचे आहेत, स्वतःसाठी' एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी हरकत घेत नाहीत. ट्रायपॉड काढलात की प्रश्न सुरू होतात, म्हणून तो न्यायचाच नाही, पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा, उंचीही बरोबर मिळते. चित्रीकरण किंवा विक्रीसाठी असेल तर विभागाच्या जनसंपर्क कार्यालयाची लेखी परवानगी. रूळ ओलांडू नका, रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोकळ्या दिसणाऱ्या नॅरोगेजच्या रुळालाही ते लागू आहे. ड्रोनचा विचारही नको.

जाळीपलीकडचं इंजिन असेल तर लेन्स जाळीला टेकवा, छिद्र एफ २.८ किंवा त्याहून मोठं, जाळी विरघळते. उन्हातली जाळी मात्र पांढरी झाक सोडते, तेव्हा हाताने किंवा टोपीने जाळीच्या तेवढ्या भागावर सावली धरा. फोनची लेन्स तर जाळीच्या चौकोनातच बसते.

धुराडे

फुलांच्या कुंड्या, 'सेल्फी पॉइंट'ची पाटी, दिव्यांच्या माळा यांचं काय करता? काही जण खोडून टाकतात.

पाटीशोधक

खोडायच्या असतील तर प्रत वेगळी ठेवा, मूळ तशीच. कुंडी आज नडते, पण इंजिन कोणत्या साली कुठे, कोणत्या रंगात, कशा अवस्थेत होतं ते कुंडीवरूनच पुढे ठरतं. फाईलच्या नावात तारीख, ठिकाण, इंजिनाचा नंबर आणि बाजू लिहा. बाजू म्हणजे ड्रायव्हरच्या तोंडाने पुढे बघताना डावी की उजवी, बघणाऱ्याची नव्हे. हे एकदा चुकलं की दोन्ही बाजूंचे पाइप, इंजेक्टर, झडपा सगळ्यांची अदलाबदल होते.

कर्जत_लोकल

ठरलं. रविवारी पहिल्या कर्जत गाडीने नेरळ. गुडघ्याला रबरी चटई, ५० आणि ८५, पोलरायझर, लहान बॅटरी, छत्री, फलाट तिकीट. क्रम: आधी कॅमेरा न काढता एक फेरी, तब्येत बघायला. मग उजेडाची बाजू, मग पाटी, मग दांड्यावरचे आकडे, मग केबिन.

सावलीमापक

पाटी शेवटी ठेवा, तिला सावली चालते. दांड्यांवरचं ऊन थांबत नाही, ते आधी.

भट्टीवाला

आणि छत्री काळी घ्या. रंगीत छत्रीची झाक पितळेवर उतरते, मग घरी बसून विचार करत राहाल की पाटी तांब्याची होती की काय.